गल्लीत बुडालेलं जहाज

आमच्या गल्लीपासून समुद्र म्हणजे थेट गोवा. मध्ये घाट, जंगल, आणि अशी वळणं की गाडीतली निम्मी माणसं खिडकीबाहेर तोंड काढून बसतात. तरीही आमच्या गल्लीत एक मालवाहू जहाज बुडालं. एकदा नव्हे. गणपतीत, रोज संध्याकाळी, दर अर्ध्या तासाला, आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये. बुडवणारा मी. बघायला कंग्राळी, हिंडलग्यासारख्या आसपासच्या गावांतून माणसं यायची, पोरांना खांद्यावर घेऊन रांगेत उभी राहायची आणि जाताना डोळे पुसायची. त्या डोळे पुसण्याचा मला इतका आनंद व्हायचा की आज तो आनंद आठवला तरी मान खाली जाते.

शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे. साडी उलगडताना मला तोंड मिटून ठेवता येत नाही. काठ दाखवला की काठाची गोष्ट, पदर दाखवला की पदराची. गिऱ्हाईक साडी न घेता उठलं तरी चालतं, गोष्ट अर्धी टाकून उठलं तर मला जेवण जात नाही. गल्लीत लग्न असो, बारसं असो, कुणाचा निरोप समारंभ असो, माइक माझ्या हातात. एका मयताला मला कुणी माइक दिला नाही म्हणून मी रुसलो होतो, असं माझी बायको सांगते. ते खोटं आहे. म्हणजे बरंचसं खोटं आहे.

ते जहाज मी खरोखर पाहिलं होतं. मुलगी आणि जावई परदेशात एका बंदराच्या शहरात राहतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा एका रविवारी तिनं आम्हाला धक्क्यावर नेलं. तिथं एक जुनं मालवाहू जहाज कायमचं बांधून ठेवलंय, आणि माणसं तिकीट काढून ते बघायला जातात. शिडीवरून वर चढलो. माल उचलायच्या याऱ्या आभाळात हात वर करून उभ्या होत्या. खाली मालाची कोठी एवढी खोल की आमची अख्खी विणकरांची गल्ली यंत्रमागांसकट आत मावली असती. इंजिनाच्या खोलीत उतरलो आणि बायको म्हणाली, "अगं बाई, आपल्याच घरचा वास!" खरंच, तेलाचा तोच वास. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला तो डोळे मिटूनही कळतो.

जहाज दाखवायला एक म्हातारा होता, पूर्वी त्याच जहाजावर काम केलेला. तो बोलायचा, मुलगी आम्हाला सांगायची. त्यानं खलाशांच्या खोल्या दाखवल्या. स्वयंपाक्याची खोली एवढीशी, पलंग दुकानातल्या बाकाएवढा अरुंद, आणि उशाशी भिंतीला टाचलेला एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. त्या फोटोजवळ मला राहवेना.

"विचार त्याला," मी मुलीला म्हटलं, "वादळात किती माणसं गेली?"

"आप्पा, हळू बोला की."

"विचार गं तू."

तिनं विचारलं. म्हातारा माझ्याकडे बघून हसला, आणि लोखंडी भिंतीवर हात थोपटत काहीतरी म्हणाला.

"कुणीच नाही म्हणतात," मुलगी म्हणाली. "माल न्यायचा, माल आणायचा. जितकी माणसं गेली तितकी परत आली. म्हणून तर ठेवलंय म्हणतात."

मला फसवल्यासारखं वाटलं. तिकीट काढून, एवढ्या शिड्या चढून-उतरून, एकही माणूस बुडालेला नाही! म्हाताऱ्यानं जे सगळ्यात मोठं म्हणून सांगितलं, ते मी तिथंच धक्क्यावर टाकून आलो.

घरी परतल्यावर दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला मी जहाज जसं होतं तसं सांगितलं. ती बाई म्हणाली, "मग?" आता याच्यापुढे मग काय? पुढच्या गिऱ्हाइकाला मी थोडा वारा सोडला. त्याच्या पुढच्याला लाटा. श्रावण लागेपर्यंत जहाज वादळात सापडलं होतं, आणि मंडळाची बैठक भरली तेव्हा ते समुद्राच्या तळाशी होतं.

"मामा, यंदा देखावा कसला करायचा?" मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं. तरणाबांड पोरगा, बापाचे चार माग सांभाळतो, गणपतीचे दिवस आले की त्याला झोप लागत नाही.

मी जहाजाची गोष्ट सांगितली. सांगताना उठून उभा राहिलो, पाण्यात गेलो, एकदा वर आलो आणि परत गेलो. मग अध्यक्ष म्हणाला, "हेच करायचं. यंदा बक्षीस आपलंच."

मला तेवढ्यात म्हणता आलं असतं की बाबांनो, ते जहाज बुडालेलं नाही, अजून आहे, आतल्या पितळी कड्या रोज पुसतात. पण जहाज माझ्या तोंडून इतक्या वेळा बुडालं होतं की ते पाण्यावर काढायचं कसं, तेच मला सुचेना.

आता आक्काबद्दल सांगायला हवं. मांडव जिथं पडतो त्याच्या बरोबर समोर तिचं घर. पुढच्या सोप्यात दोन माग, मागे स्वयंपाकघर. नवरा वारल्यावर तिनं ते माग स्वतः चालवले आणि लेकाला वाढवलं. तिच्या साड्या माझ्याच दुकानात येतात. विणलेल्या साड्या द्यायला आली की घटकाभर टेकते, आणि बोलायचं म्हणजे लेकाबद्दल. लेक गोव्याला हॉटेलात स्वयंपाक शिकला आणि तिथून मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. निघताना दर वेळी ती त्याला चटणीचा डबा देते. संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, खोबरं. डब्याला फडकं बांधायचं, वर टाचणीनं त्याच्या नावाची चिठ्ठी.

"एवढं जहाज भरून माणसं," ती मला म्हणाली होती, "निरनिराळ्या देशांची. सगळी माझ्या चटणीवर जेवत्यात बघ. डबा उघडला की लेकराभोवती गोळा होत्यात म्हणं."

हे सांगताना तिच्या तोंडावर जे काही होतं, ते मी बघत होतो. आणि बघता बघता ठेवूनही घेत होतो. चांगला काठ दिसला की तो पुढच्या साडीला वापरायचा, ही दुकानदाराची सवय.

मांडवाचं काम सुरू झालं. बांबू, प्लायवूड, तरट, पत्रा. गॅरेजवाल्यानं ट्रकचा जॅक दिला, त्यानं जहाज एका बाजूला हळूहळू कलायचं. पाण्याला निळं कापड, खाली पंखे. सगळं जमलं, अडलं ते इंजिनाच्या आवाजाला. पोरांनी मोबाइलवरून दोन-तीन आवाज आणले, ते पिठाच्या गिरणीसारखे वाटायचे. तेव्हा मला तो तेलाचा वास आठवला. म्हटलं, आपल्या दारात इंजिन असताना बाहेर कशाला शोधायचं? मागाचा आवाज घ्या, जरा संथ करा, झालं जहाज.

आम्ही आक्काच्याच घरी गेलो. तिनं मागाला मुद्दाम तेल घातलं, आवाज नितळ यावा म्हणून. पोरांना चहा दिला. मोबाइल मागाजवळ धरलेला बघून म्हणाली, "जहाजाचं करतलाव व्हय? मग चांगलं दांडगं करा. माझ्या लेकाचं जहाज लई दांडगं हाय."

ध्वनिफितीला आवाज माझा. शेवटचं वाक्य मी चार-चार वेळा म्हणून पाहिलं, कुठं थांबायचं, कुठं आवाज कापरा करायचा. शेवटी सगळे खलाशी बुडतात, आणि एक राहतो. तरुण स्वयंपाकी. "आईनं फडक्यात बांधून दिलेला चटणीचा डबा त्यानं छातीशी धरला, आणि त्या काळ्या लाटांवरून एकच हाक गेली…" इथं मी थांबायचो. मग हाक. मग जॅक. कन्नडमधलं निवेदन माझ्या एका मित्रानं केलं, त्यानंही डबा सोडला नाही.

पहिल्याच संध्याकाळी रांग कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेली. बायका पदर डोळ्याला लावून बाहेर पडत होत्या. एक गृहस्थ निपाणीहून आले होते, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, कुणी ओळखावं म्हणून जरा उजेडात.

आक्का बघायला आली नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरात माग सुरू झाला. खेळ सुरू झाला की माग सुरू, खेळ संपला की बंद. सणाच्या दिवसांत आमच्याकडे माग थांबवतात, एखादी तातडीची साडी असली तरी दुपारपर्यंत उरकतात. आणि हा माग बरोबर खेळाच्या वेळेला. ध्वनिफितीवर तोच आवाज, समोरून तोच आवाज. जहाज कललं, हाक गेली, दिवे मालवले, सगळीकडे शांतता हवी, तर खटाक खटाक खटाक.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जहाज बुडालं तरी इंजिन चालूच की वो! दणकट कंपनीचं दिसतंय."

मांडव हसला. माझ्या हाकेवर हसला! तिसऱ्या दिवशी तर पोरं मुद्दाम ते ऐकायलाच येऊ लागली. "मामा, आज बुडून किती वेळ चालतंय बघू."

अध्यक्ष माझ्याकडे आला. "मामा, उद्या परीक्षक येणार. तुम्ही आक्काला सांगा की. तुमचं ऐकंल ती."

मी गेलो. नेसूचं धोतर नीट करून, सगळ्या मंडळाच्या वतीनं, चेहऱ्यावर समजूतदारपणा घालून गेलो. उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा मांडवात नुकताच खेळ सुरू झाला होता, आणि आत माग चालू होता. मी मागाच्या घरात जन्मलो. आवाजात काहीतरी कमी आहे हे मला उंबऱ्यातच कळलं. आडवं सूत नेणारा धोटा पळतो तेव्हा या टोकाला आणि त्या टोकाला एक टणक ठोका पडतो. तो पडत नव्हता.

आत बघितलं. मागावर सूत नव्हतं. धोटा काढून खिडकीत ठेवला होता. नुसती सूत ठोकायची फणी पुढे येत होती आणि मागे जात होती. आक्का शेजारी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, तोंड भिंतीकडे. काही विणत नव्हती. रिकामा माग कुणी चालवत नाही. लहानपणी आम्ही गमतीनं चालवला तर मार बसायचा.

तिनं मला बघितलं आणि स्वतःच बटण बंद केलं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत समोरून माझा आवाज आत आला. स्वच्छ, दिवाणखान्यात बसल्यासारखा. "आईनं फडक्यात बांधून दिलेला…" तिनं परत बटण दाबलं.

आम्ही त्या आवाजात, एकमेकांच्या कानाशी बोललो.

"आक्का, अगं…"

"तरास होतोय व्हय रं खेळाला? पोरं सांगून गेली. मी दार लावून घेतो की."

"लेकाचा फोन?"

"आठ दिस झालं न्हाय. लांबच्या पाण्यात हाय, रेंज नसतिया म्हणून सांगून गेलता. असंच असतंय." ती फणीकडे बघत राहिली. "मला ठाव हाय रं, तुझं खोटं हाय ते. प्लायवूडचं हाय. कुणी घातलं प्लायवूड ते बी ठाव हाय. पण कानाला कळंना झालंय."

मी खिडकीतला धोटा उचलला आणि परत ठेवला.

"बुडव की तू," ती म्हणाली. "सगळ्यांना आवडतंय, बुडव. त्यो डबा तेवढा दुसऱ्या कशाचा तरी कर. लाडवाचा कर. माझा लेक लाडू नेत न्हाय."

तिनं एवढंच मागितलं. मी उंबऱ्याबाहेर आलो तेव्हा रांगेतल्या एका बाईनं मला ओळखलं आणि शेजारणीला म्हणाली, "ह्योच तो आवाजवाला." चोरी करून बाहेर पडताना कुणी हार घालावा तसं मला झालं.

अध्यक्षाला म्हटलं, उद्यापासून ध्वनिफीत बंद. मी स्वतः माइकवर बोलणार, जहाज बुडणार नाही.

"मामा, उद्या परीक्षक!"

"डबा आक्काच्या लेकाचा आहे रे. मी तिच्या तोंडून घेतला."

त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यालाही आता कळलं. त्यालाही आई आहे. तरीही तो म्हणाला, "मग डबा तेवढा काढू. जहाज बुडू द्या की." तो वाईट नव्हता, बुडणारं जहाज त्याला मीच दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. इथं माझ्यातला नाटक्या परत उठला. म्हटलं, भर सभेत, परीक्षकांसमोर, सगळं खरं सांगायचं. जितकी गेली तितकी परत आली. आक्का दारात येईल, डोळे पुसेल. हे सुद्धा मी मनात बसवून टाकलं होतं, ती कुठल्या पायरीवर उभी असेल इथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. मी माइक घेतला. इंजिनाचा आवाज सुरू झाला, आणि समोर लगेच माग सुरू झाला. मी सांगू लागलो, हे जहाज आजही एका बंदरात उभं आहे. त्यानं पोती नेली, गठ्ठे नेले. वादळं आली आणि गेली. कुणी बुडालं नाही. माझा आवाज मलाच परका वाटत होता. कुठं थांबायचं, कुठं कापरा करायचा, काही कळेना. रांगेतून आवाज आला, "आम्ही बुडालेलं बघायला आलोय वो!" पोरांनी शिट्ट्या घातल्या. मी वाढवत गेलो, जहाज बंदराला लागलं, शिडी लागली, स्वयंपाकी पोरगा शिडीवरून उतरला, आईसमोर उभा राहिला…

आणि जॅकवरच्या पोरानं, रोजच्या सवयीनं, जहाज कलवलं. कदाचित इंजिनाच्या आवाजाचा शेवट ऐकून. निळं कापड उडालं, दिवे मालवले. बंदराला लागलेलं जहाज बंदरातच बुडालं. परीक्षकांपैकी एकांनी रुमाल तोंडाला लावला. हसू दाबत होते.

अंधारात फक्त समोरचा माग. खटाक खटाक. आक्का दारात आलेली नव्हती. ती आत, रिकाम्या मागाशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसली असणार. मी तिच्यासाठी जे खरं बोलत होतो, त्यातला एक शब्दही तिला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं माग चालू ठेवला होता, कारण माझ्याकडून आणखी काय येणार हे तिला ठाऊक होतं.

बक्षीस गेलं ते गेलंच. उरलेले दिवस जहाज सरळ उभं राहिलं, माणसं येत आणि गणपतीच्या पाया पडून जात. माग मात्र रोज त्या वेळेला चालूच राहायचा. मी समोर जाऊन सांगू शकलो असतो, आक्का, बंद केलं बघ. पाच पावलं नसतील. पण ते सांगणं म्हणजे परत शाबासकी मागणं झालं असतं. शेवटी बायको गेली. परत आली आणि म्हणाली, "ऐकलं तिनं. पण माग बंद केला न्हाय. मी बी म्हटलं न्हाय."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का मोबाइल हातात घेऊन पायरीवर आली. लेकानं व्हॉइस मेसेज पाठवला होता; फोन कानाला नव्हता, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून पुढे धरला होता, जसा प्रसाद पुढे करतात. "आई, रेंज नव्हती गं. बरा हाय मी. डबा संपत आलाय." तिनं ते अध्यक्षाला ऐकवलं, गॅरेजवाल्याला ऐकवलं, मांडवातल्या पोरांना ऐकवलं. मग मला ऐकवलं. तिच्या मनात काही नव्हतं. मी मांडवाच्या दोरीची गाठ सोडवत राहिलो, जी कुणीच बांधलेली नव्हती. त्या संध्याकाळी माग लागला नाही.

लेक होळीच्या सुमाराला घरी आला. काळवंडलेला, दांडगा, हसरा. गल्लीनं त्याला सगळं आधीच सांगून टाकलं होतं. सरळ दुकानात आला.

"काय मामा, मी बुडालो म्हणं?"

"बस की रे."

"सांगा की, कसा बुडालो? आवाज लई भारी काढलता म्हणत्यात." आणि मोठ्यानं हसला. मागोमाग आक्का साड्यांचं गाठोडं घेऊन आत आली, आणि तीही हसली, कारण तो हसत होता. दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. माझ्यासमोर एक साडी अर्धी उलगडलेली होती. मी तिची परत घडी घातली.

मे महिन्यात तो परत निघाला. गोव्याची गाडी पकडायची म्हणून दारात रिक्षा आली होती. मी बॅग उचलायला पुढे झालो. त्याच वेळी त्यानं आत बघून विचारलं, "आई, डबा?"

आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "यंदा मिरची बरी मिळाली न्हाय रं," ती म्हणाली. "तिकडं मिळत्यात की बाटल्यांतल्या."

आठवडाभरापूर्वी तिची आणि आमची मिरची एकाच गाडीवाल्याकडून, एकाच पोत्यातून घेतलेली होती. आमच्या घरी चटणी कुटली तेव्हा ठसक्यानं माझे डोळे चुरचुरले होते. तिच्या घरातून त्या आठवड्यात वास आला नव्हता.

ती माझ्याकडे बघत नव्हती. लेक दोघांकडेही बघत होता, काहीतरी गंमत आहे आणि मामा ती आता सांगतील, अशा तोंडानं. मी खाली वाकलो आणि बॅग रिक्षात ठेवली. दर वेळेपेक्षा हलकी होती.